मोडीला किती येईल?

नव्या स्विस घड्याळाच्या पोलादावर एक पारदर्शक पापुद्रा चिकटवलेला असतो. कागदाहून पातळ. नखाने टोक उचललं की सर्रकन निघतो, आणि तो काढताना जिवाला बरंही वाटतं. बाजाराच्या हिशेबात मात्र हा फार महागडा उद्योग आहे. घड्याळ पाच लाखांचं असेल, तर मोजके ब्रँड वगळता, त्या पापुद्र्याबरोबर लाख-सव्वा लाख, कधी दीड लाखही केराच्या टोपलीत जातात. घड्याळाला काहीच झालेलं नसतं. तेच काटे, तीच टिकटिक. फक्त काल ते ‘नवं’ होतं आणि आज ते ‘कुणाचं तरी’ झालं.

माझ्या भाचीला बढती मिळाली, मागची थकबाकीही एकरकमी आली, आणि तिने ठरवलं की स्वतःच्या पैशाने एक चांगलं ऑटोमॅटिक घड्याळ घ्यायचं. कंपनीचं नाव सांगत नाही. ज्यांच्या जाहिराती विमानतळावर दिसतात त्यांतली एक. शोरूममध्ये किंमत पाच लाखांच्या घरात. तेच मॉडेल, नऊ वर्षं वापरलेलं, जुनी घड्याळं विकणाऱ्या एका विक्रेत्याकडे तीन लाख वीस हजारांना. “मामा, काय करू?” तिने विचारलं. मी तोंड उघडण्याआधी तिची आई म्हणाली, “दुसऱ्याच्या मनगटावरून उतरलेलं कशाला घालायचं गं? कोण, कुठला, जिवंत तरी आहे का, ते तरी माहीत आहे का?”

भाचीचा प्रश्न पैशांचा होता. बहिणीचा तसा नव्हता, आणि गेले काही आठवडे मी खरं तर तिच्याच प्रश्नाला उत्तर शोधतो आहे.

आधी पैशांचं उरकून घेऊ, कारण ते सोपं आहे. आपल्याकडे बांगडी घ्यायला गेलेली कुठलीही बाई दोन प्रश्न विचारल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाही: घडणावळ किती, आणि मोडीला किती येईल? सोन्याचा भाव सकाळच्या पेपरात असतो, तो कुठे जात नाही. घडणावळ मात्र गेली ती गेली. हे व्यवहारज्ञान आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या मुरलेलं आहे. पण तीच माणसं घड्याळाच्या शोरूममध्ये गेली की मोडीचा प्रश्न गिळून टाकतात, कारण तिथल्या मखमलीवर तो विचारणं गावंढळपणाचं वाटतं. वास्तविक तो तिथेच विचारायला हवा. पोलादी घड्याळात पट्ट्यासकट दीडएकशे ग्रॅम पोलाद असतं. भंगारवाला त्याचे काय देईल ते सांगायला नको. म्हणजे किंमत जवळपास सगळी घडणावळच. त्या घडणावळीत कारागिराचा वाटा आहेच, पण शोरूमचं भाडं, क्रिकेटपटूचं मानधन, विक्रेत्याची दलाली, जकात, जीएसटी आणि तुम्हाला पाजलेली कॉफी हेही सगळं तिच्यातच. पुढच्या गिऱ्हाइकाला कारागिरीची किंमत वाटते, तुमच्या कॉफीची का वाटावी? ती तूट पहिल्या मालकाच्या माथी. दुसरा येतो तेव्हा ती फेडून झालेली असते.

म्हणून निव्वळ हिशेबाने पाहिलं तर वापरलेलं घ्यावं, एवढं बोलून लेख संपवता आला असता. पण हिशेबाने पाहणारा माणूस मुळात पाच लाखांचं घड्याळ घेतोच कशाला?

हा टोमणा नाही. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सेइको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ नावाचं बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ विक्रीला ठेवलं. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या काळातल्या एका लहान मोटारीएवढी. महिन्याला पाच सेकंदांच्या आत फरक. त्या दिवशी चावीच्या घड्याळाची नोकरी गेली. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातले जवळपास दोन तृतीयांश रोजगार बुडाले. आपल्याकडे हीच गोष्ट वेगळ्या नावांनी घडली. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरात सुरू झालेला एचएमटीचा घड्याळ कारखाना चावीच्या घड्याळांवर मोठा झाला, आणि होसूरच्या टायटनने क्वार्ट्झवर डाव लावून त्याला मागे टाकलं. आज रोलेक्स आपल्या प्रत्येक घड्याळाबद्दल अभिमानाने सांगते की फरक दिवसाला दोन सेकंदांपलीकडे जाणार नाही. दिवसाला दोन, म्हणजे महिन्याला एक मिनिट. रेल्वे स्टेशनबाहेर पाचशे रुपयांना मिळणारं बॅटरीचं घड्याळ सहसा याहून चोख वेळ दाखवतं.

म्हणजे ज्याला नवं हवं आहे, त्याच्यासाठी पाचशे रुपयांचं नवं आहे. पाच लाखांचं यांत्रिक घड्याळ शोरूममधून निघतानाच जुनं असतं. त्याच्या पोटात जी सुटका-यंत्रणा आहे, जिच्यामुळे टिकटिक होते, ती थॉमस मज नावाच्या इंग्रज घड्याळजीने अठराव्या शतकाच्या मध्यात शोधली. मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, पूर्ण गोल फिरणारं चक्र रोलेक्सने १९३१ साली आणलं. नंतर सुधारणा झाल्या नाहीत असं नाही. सिलिकॉनची केसासारखी बारीक स्प्रिंग आली, चावी तीन-तीन दिवस पुरू लागली. पण या सुधारणा दशकांच्या गतीने होतात. नऊ वर्षांपूर्वीचा फोन आज कुणी हातात धरणार नाही. नऊ वर्षांपूर्वीचं घड्याळ आणि आजचं घड्याळ यांत फरक आहे तो वंगणाचा, रबरी गॅस्केटचा आणि काही ओरखड्यांचा.

झिजेचं काय, हा प्रश्न रास्त आहे. आजचं सर्वसाधारण ऑटोमॅटिक घड्याळ तासाला २८,८०० ठोके देतं. सेकंदाला आठ, वर्षाला पंचवीस कोटींच्या वर. एवढी धावपळ करणारी दुसरी कुठली वस्तू आपण अंगावर बाळगत नाही, हृदय सोडून. आणि तेही याच्या सहाव्या हिश्श्यानेसुद्धा धडधडत नाही. पण ही धावपळ माणकाच्या खड्यांवर आणि तेलाच्या थेंबांवर होते. तेल सुकलं आणि तरीही घड्याळ घालत राहिलं, की धातूवर धातू घासतो, काळी भुकटी पडते आणि चक्रांचे आस खाल्ले जातात. म्हणून घड्याळाचं वय वर्षांत मोजायचं नसतं. वेळच्या वेळी उघडून धुतलेलं, तेल दिलेलं तीस वर्षांचं घड्याळ हे नऊ वर्षं कुणी न उघडलेल्या घड्याळापेक्षा तरुण असू शकतं. वस्तू दुरुस्त होण्यासाठीच घडवलेली आहे. स्क्रू आहेत ते त्यासाठी.

आता बहिणीकडे वळतो.

‘उतरलेलं’ हा शब्द तिने नेमका वापरला. आपल्याकडे उतरलेले कपडे, उष्टं ताट, दुसऱ्याच्या पायातली चप्पल हे सगळे एकाच कपाटातले शब्द आहेत, आणि त्या कपाटाला जातीपातीचा आणि सोवळ्याओवळ्याचा वास आहे, हे मान्य करायला हवं. पण माझ्या बहिणीचा आक्षेप तेवढ्यावर संपत नाही. तिच्या नाकात आईच्या आईची नथ असते. आमच्या वडिलांचं फाव्र-ल्युबा ‘सी किंग’ तिने तिच्या कपाटात, माझ्याकडून भांडून नेऊन, ठेवलं आहे. ते घड्याळ वडिलांनी तीस वर्षं रोज सकाळी दाढी झाल्यावर चावी देऊन घातलं. त्याच्या पट्ट्याला अजून घामाचा वास येतो. त्याची तिला किळस नाही, उलट तिने तो पट्टा बदलू दिला नाही. म्हणजे अडचण वापरलेलं असण्याची नाहीच. अडचण आहे ती हात अनोळखी असण्याची.

बाजारही असाच वागतो, फक्त मोठ्या आकड्यांत. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला महात्मा गांधींच्या काही वस्तूंचा लिलाव झाला: चष्मा, चपला, ताट-वाटी आणि झेनिथचं एक खिशातलं घड्याळ. विजय मल्ल्यांनी त्या अठरा लाख डॉलरना घेतल्या. अपरिग्रहाचं व्रत घेतलेल्या माणसाच्या वस्तू एका मद्यसम्राटाने विकत घ्याव्यात, यावर तेव्हा पुष्कळ लिहून झालं. मला त्यातलं वेगळंच काही लक्षात राहिलं. त्या वस्तूंवर वापराच्या जितक्या खुणा, तितकी त्यांची किंमत अधिक. २०१७ साली त्याच शहरात पॉल न्यूमन या अभिनेत्याचं रोलेक्स डेटोना एक कोटी ७७ लाख डॉलरना गेलं. हे घड्याळ त्याला बायकोने दिलं होतं, जपून गाडी चालव अशा अर्थाचं वाक्य मागे कोरून. आणि त्याने ते एके दिवशी मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकलं होतं. तेच मॉडेल अनोळखी मनगटावरचं असतं, तर या आकड्याच्या आसपासही फिरकलं नसतं.

ओळखीच्या हाताने किंमत चढते, अनोळखी हाताने उतरते. वापरलेल्या घड्याळांचा सगळा धंदा या दोन टोकांमध्ये चालतो, आणि त्याची युक्ती एकच आहे: आधीचा हात पुसून टाकणे. घड्याळ येतं, पॉलिशच्या चाकावर धरतात, ओरखडे जातात, चकाकी येते. त्याबरोबर पट्टा अडकवायच्या चार कानांच्या धारदार कडाही जातात. दोन-तीनदा असं पॉलिश झालं की साबणाची वडी वापरून वापरून गोल व्हावी तसं घड्याळ दिसू लागतं. गंमत अशी, की हे सगळं माझ्या बहिणीसारख्या गिऱ्हाइकांच्या समाधानासाठी चालतं, तर मुरलेला संग्राहक ‘कधीच पॉलिश न केलेलं’ घड्याळ अधिक पैसे मोजून घेतो. ओरखडे त्याला चालतात. पुसापुसी चालत नाही. याबाबतीत मी संग्राहकांच्या बाजूचा आहे. झाकलेल्या जखमेपेक्षा दिसणारी जखम बरी.

याच संदर्भात पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या कंपनीची जाहिरात आठवते. १९९६ पासून ती कंपनी सांगत आली आहे की तिचं घड्याळ तुमच्या मालकीचं नसतंच. तुम्ही ते पुढच्या पिढीसाठी सांभाळता, इतकंच. फोटोत वडील आणि मुलगा, दोघेही सुबक. जाहिरात नव्या घड्याळाची आहे, पण तिचं म्हणणं शेवटपर्यंत ताणलं तर जुन्या घड्याळाची याहून चांगली वकिली कुणी केलेली नाही. कारण वापरलेल्या घड्याळांच्या दुकानात जे मांडलेलं असतं ते बरंचसं हेच: वडिलांनी सांभाळलेलं आणि पुढच्या पिढीने विकून टाकलेलं.

पण हात अनोळखी असण्याची एक बाजू भावनेची नाही, फसवणुकीची आहे, आणि तिथे बहिणीची भीती पूर्ण खरी आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक शोधनिबंध लिहिला, ज्यासाठी त्यांना पुढे २००१ चं नोबेल विभागून मिळालं. मुद्दा सरळ आहे. विकणाऱ्याला मोटारीतली खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा सावधपणे कमी भाव देतो. त्या भावात चांगली मोटार विकायला कुणी धजत नाही, आणि बाजारात खोटेच नग उरतात. घड्याळाच्या बाबतीत हे आणखी बिकट, कारण मोटारीचं बॉनेट तरी उघडता येतं. घड्याळाचं झाकण दुकानात उघडून दाखवा म्हटलं की चेहरे बदलतात.

आणि उघडून दाखवलं तरी? नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातल्या एका लिलावात १९५७ सालचं म्हणून मांडलेलं ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकना गेलं. तबकडी उन्हाने तपकिरी झालेली, संग्राहकांना वेड लावणारी. विकत घेणारी होती खुद्द ओमेगा कंपनी, स्वतःच्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की हे घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून रचलेलं होतं, आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. अशा घड्याळाला त्या जगात ‘फ्रँकेनवॉच’ म्हणतात. ज्यांनी घड्याळ बनवलं तेच फसले, तर तुम्ही-आम्ही भिंग लावून काय पाहणार?

या प्रकारात आपल्या मुंबईचंही नाव जगभर झालेलं आहे, आणि ते फारसं अभिमानाचं नाही. परदेशातल्या संग्राहकांच्या बोलण्यात ‘मुंबई स्पेशल’ असा एक तुच्छतेचा शब्दप्रयोग आहे. जुन्या फाव्र-ल्युबाची, एचएमटीची, सेइकोची यंत्रं, कुठल्या तरी डब्या, आणि त्यांवर इथे नव्याने रंगवलेली केशरी, निळी, मोरपंखी तबकडी. बाहेर ‘दुर्मीळ विंटेज’ म्हणून विकायचं. मीही एकदा असं एक घेतलं आहे. सांगायला लाज वाटते, पण तबकडीवरच्या इंग्रजी नावात एक अक्षर कमी होतं हे मला चार महिन्यांनी दिसलं. तरीही या कारागिरांबद्दल माझ्या मनात एक कोपरा मऊ आहे. टाकून दिलेल्या तीन घड्याळांतून एक चालतं घड्याळ उभं करणं हे काम सोपं नाही. ‘जोडून केलेलं’ असं सांगून, जोडून केलेल्याच्या भावात विकलं असतं तर ती कारागिरी ठरली असती. खोटेपणा रंगात नाही, पावतीत आहे.

तर पाच लाख आणि तीन लाख वीस हजार यांतल्या एक लाख ऐंशी हजारांना नाव काय द्यायचं? मी त्याला निर्धास्तपणाची किंमत म्हणतो. नवं घेणारा माणूस घड्याळाबरोबर एक हक्क विकत घेतो: काहीही माहीत नसण्याचा हक्क. यंत्र कुठलं, तबकडी मूळची का, आधी कुणी उघडलं, पाणी शिरलं होतं का, यांतलं काहीच त्याला ठाऊक असण्याची गरज नाही. त्याची काळजी वाहायला कंपनी आहे. वापरलेलं घेणाऱ्याला तेवढेच पैसे दुसऱ्या नाण्यात मोजावे लागतात. वाचावं लागतं, दहा नग हाताळावे लागतात, घड्याळजीला दाखवावं लागतं, नको वाटलं तर उठून यावं लागतं. ज्याला हे करताना मजा येते, त्याने एक लाख ऐंशी हजार कमावले. ज्याला कंटाळा येतो त्याने ते वाचवू नयेत. पुढे दुप्पट जातात.

इथे कुणी म्हणेल की रोलेक्सचं गणित उलटं आहे. आहेच. काही पोलादी मॉडेलांसाठी शोरूममध्ये नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागतं, आणि तेच घड्याळ बाहेर लगेच हवं असेल तर छापील किमतीहून जास्त मोजावे लागतात. नवं स्वस्त आणि जुनं महाग, असा हा उफराटा बाजार. तिथे तुमच्यापुढे ‘नवं की जुनं’ हा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो की तुमच्याकडे धीर जास्त आहे की पैसा. डिसेंबर २०२२ पासून रोलेक्सनेच तपासून, शिक्का मारून, दोन वर्षांच्या हमीसह वापरलेली घड्याळं अधिकृत विक्रेत्यांमार्फत विकायला सुरुवात केली. अ‍ॅकरलॉफच्या कोड्याला हे कंपनीने दिलेलं उत्तर म्हणायचं: जुन्या वस्तूला नव्याचा निर्धास्तपणा जोडून विकायचा. अर्थात त्या निर्धास्तपणाचे पैसे लागतातच. शिक्क्याचं घड्याळ बाहेरच्यापेक्षा महाग असतं.

या उफराट्या बाजारानेच ‘घड्याळ ही गुंतवणूक’ हे खूळ पसरवलं. करोनाच्या काळात लोकांकडे पैसा होता, हिंडायला जागा नव्हती, आणि पाटेकचं ‘नॉटिलस ५७११’ हे पस्तीसएक हजार डॉलरचं पोलादी घड्याळ बाहेर लाख डॉलरच्या वर जाऊन पोचलं. २०२२ च्या पूर्वार्धात फुगा फुटला. त्या शिखरावर ज्यांनी घेतलं त्यांची अवस्था एखाद्या लग्नात घोडा भाड्याने आणून त्याचा वंश वाढवू पाहणाऱ्यासारखी झाली. आणि आपल्याकडे एक आणखी गोष्ट घडते आहे, तिच्याकडे फार लोकांचं लक्ष नाही. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी भारताने १० मार्च २०२४ रोजी केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे. त्यानुसार स्विस घड्याळांवरची जकात काही वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायची आहे. नव्याची किंमत जेवढी खाली येईल, तेवढं जुन्याचं छतही खाली येईल. पाच वर्षांनी विकून नफा कमावू, अशा बेताने जो आज घड्याळ घेतो आहे, त्याने मुदत ठेव करावी. ती मनगटावर बांधता येत नाही, एवढाच तोटा.

मग नवं कुणी घ्यावं? मी वापरलेल्याचा पक्षपाती आहे, तरी हा पक्ष दुबळा नाही. ज्याला लग्नाचं, निवृत्तीचं, पहिल्या पगाराचं घड्याळ द्यायचं आहे, त्याने नवंच द्यावं. आमच्या लहानपणी जावयाला एचएमटी दिलं जायचं. कुणी सेकंडहँड दिलं असतं तर सोयरीक मोडली असती, आणि ते बरोबरच होतं. भेटीत तारीख असावी लागते, आणि ती तारीख हमीपत्रावर त्याच्या नावानिशी छापून येते. ज्याच्या गावात धड घड्याळजी नाही, त्यानेही नवंच घ्यावं. आणि लाखाच्या आतल्या घड्याळांत जुनं शोधण्यात फारसा अर्थ नाही. तिथे वाचलेले पैसे पहिल्याच सर्व्हिसिंगमध्ये जातात, कारण उघडून, धुऊन, तेल देऊन जुळवायची मेहनत घड्याळ स्वस्त असलं म्हणून कमी होत नाही.

शिवाय एक इच्छा अशी आहे जिच्यापुढे माझं काही चालत नाही: पहिला ओरखडा आपला असावा ही. ती मी हसण्यावारी नेत नाही. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिण्यात जे आहे ते वाचून झालेल्या पुस्तकात नसतं. ज्याला तेच हवं आहे, त्याने एक लाख ऐंशी हजार जरूर द्यावेत, फक्त कशाचे देतो आहे ते कळून द्यावेत.

वापरलेलं घेणाऱ्यांसाठी माझा आग्रह तीनचार गोष्टींपुरता आहे, आणि त्यांत पेटी आणि कागदपत्रं सर्वांत वर नाहीत. कागद घड्याळाहून सोपे छापता येतात. ‘फर्स्ट कॉपी’ विकणारे आता हमीपत्राचीही फर्स्ट कॉपी देतात. त्यापेक्षा विकणारा कोण आहे, दुकान किती वर्षं त्याच जागी आहे, आणि परत घेण्याची अट तो लिहून देतो का, हे पाहावं. दुसरं, आतलं यंत्र कुठलं आहे ते विचारावं. स्विस कंपन्यांतल्या कित्येक आपल्या यंत्राचे सुटे भाग बाहेरच्या घड्याळजींना विकतच नाहीत. मग दुरुस्ती म्हणजे कंपनीचा दरवाजा आणि कंपनीचा दर. उलट ‘ईटीए’ किंवा ‘सेलिटा’ची सर्वत्र वापरली जाणारी यंत्रं कुठलाही जाणता कारागीर डोळे मिटून उघडतो. वीस वर्षांनी घड्याळ चालेल की नाही हे तबकडीवरच्या नावापेक्षा यावर ठरतं. आणि घड्याळजी आधी शोधावा, घड्याळ नंतर. सूनबाईंआधी सुईण ठरवण्यासारखं हे ऐकायला विचित्र वाटेल, पण तोच क्रम बरोबर आहे.

भाचीने विक्रेत्याकडून सात दिवसांत परत घेण्याची अट लिहून घेतली आणि नऊ वर्षं जुनं घड्याळ घेऊन आम्ही तिघं आमच्या घड्याळजींकडे गेलो. बहीण “मी फक्त बघायला येते” म्हणून आली होती. त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक फळी. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्याला भिंग लावलं की दुसरा डोळा आपोआप मिटतो. त्यांनी घड्याळ चाल मोजणाऱ्या टाइमग्राफरवर ठेवलं. दिवसाला चार सेकंद पुढे, चक्राचा झोका २८० अंश. “तब्येत चांगली आहे,” म्हणाले. मग झाकण फिरवून काढलं, गॅस्केट चिमट्याने उचलून बाजूला टाकलं, नवं बसवण्यासाठी डबी शोधू लागले.

झाकणाची आतली बाजू फळीवर उताणी पडली होती. बहिणीने चष्मा कपाळावर सरकवला आणि त्यांच्याकडून भिंग मागून घेतलं. चकचकीत पोलादावर, सुईने ओरखडल्यासारखी दोन बारीक अक्षरं आणि एक तारीख. जरा खाली, वेगळ्या वळणाच्या हाताने, दुसरी तारीख.

“हे कुणी लिहिलं?”

“ज्यांनी उघडलं त्यांनी,” घड्याळजी म्हणाले. “आम्ही लिहून ठेवतो. पुढच्याला कळावं म्हणून.” गॅस्केट बसवायच्या आधी त्यांनी सुई उचलली आणि त्या दोन तारखांखाली आजची तारीख कोरली, शेजारी आपलं एक अक्षर.

झाकण लावायला त्यांनी हात पुढे केला, तेव्हा बहीण म्हणाली, “थांबा जरा,” आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.